दिवाणखान्यातला छोटा, शांत सिनेमा-संगणक: बंदीच्या दोन महिन्यांत घरी करण्यासारखे काम



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्त होतात, होडीची डागडुजी होते, आणि तरीही संध्याकाळ रिकामी उरते. या दिवसांत पोरांना हाताशी धरून घरात करता येईल असे एक काम आज सांगतो. टीव्हीला जोडायचा एक लहानसा संगणक. त्यात घरातले जुने लग्नाचे व्हिडिओ, मोबाईलमधले फोटो, भजने, आपण विकत घेतलेले सिनेमे सगळे एका जागी राहील. आणि मुख्य म्हणजे तो आवाज करणार नाही.

"आवाजाचं एवढं काय?" असे बरेच जण विचारतात. आमच्यापैकी एका घरात काय झाले ते आधी ऐका.

२०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरले. चिखल्दा, निसरपूर आणि काठावरच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. घरे गेली, पण सामान हलवताना लोकांनी लग्नाच्या सीड्यांचे डबे मात्र उचलून आणले. अशाच एका डब्यातली सीडी आम्ही डहीच्या घरात जुन्या संगणकावर लावली. जुन्या गावातले लग्न, नदीकाठ, वऱ्हाडाची होडी काठाला लागतेय. होडीत आजोबा उभे आहेत आणि काठावरच्या कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगताहेत. आजोबा आता नाहीत. त्यांचा आवाज घरात दुसऱ्या कशातही नाही.

आणि तो आवाज ऐकूच येईना. जुना उभा डबा, त्यातला पंखा घरघर करतोय, हार्ड डिस्क कटकट करतेय. आजी म्हणाली, "अरे ते यंत्र बंद करा, मला ऐकू द्या." आता यंत्र बंद केले तर आजोबाही बंद! त्या दिवशी आम्ही ठरवले की शांत यंत्र करायचेच. दोन चुका झाल्या, तिसऱ्यांदा जमले. त्या चुकांसकट सगळे खाली देतो.

१. आवाज येतो कुठून?

संगणकात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच. एक पंखा, दुसरी फिरणारी हार्ड डिस्क. बाकी सगळे मुके असते.

पंख्याचा एक नियम लक्षात ठेवा. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज त्याहून कितीतरी जास्त कमी होतो, साधारण १५ डेसिबलने. १० डेसिबल कमी झाले की आपल्या कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वेग निम्मा केला की आवाज अर्ध्याहूनही कमी. म्हणूनच छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवणे केव्हाही चांगले. होडीच्या इंजिनाचेही तसेच आहे ना? पूर्ण रेसवर बोलणे ऐकू येत नाही, अर्ध्या रेसवर गप्पा मारता येतात.

हार्ड डिस्कचा आवाज दोन प्रकारे येतो. तिचा स्वतःचा, आणि ती ज्यावर ठेवली आहे त्या लाकडाचा. पोकळ टेबलावर किंवा शोकेसवर ठेवली की ते लाकूड ढोलकीसारखे घुमते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून खाली ठेवा, घुमणे बरेच कमी होते. फुकटचा उपाय.

सगळ्यात बरे म्हणजे यंत्राच्या आत एसएसडी घ्यावी. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे आवाजही नाही. मोठा साठा लागतो त्यासाठी बाहेरून जोडायची छोटी, खिशात मावणारी हार्ड डिस्क घ्यावी. ती यूएसबीवरूनच वीज घेते आणि दोन हात लांबून जवळजवळ ऐकू येत नाही. टेबलावर ठेवायची मोठी, वेगळ्या अडॅप्टरची डिस्क दिवाणखान्यात नको.

२. निमाडचा उन्हाळा विसरू नका

आमची पहिली चूक इथेच झाली. कुठेतरी वाचले की बिनपंख्याचा संगणक पूर्ण शांत असतो. खरेच असतो. त्यात चिपची उष्णता धातूच्या डब्यावर येते आणि डब्यावरून हवेत जाते. पण हवेत जायला हवा थंड पाहिजे! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश म्हणजे काही विशेष नाही. डबा खोलीपेक्षा २५ अंशांनी जास्त तापला तर ६५ अंश झाले. हात लावता येत नाही.

त्यात आम्ही तो डबा काचेच्या शोकेसमध्ये ठेवला, आणि घरातल्या ताईंनी प्रेमाने त्यावर विणलेला रुमाल घातला. आपली बर्फाची पेटी कशी काम करते? बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. बंद शोकेस आणि रुमाल हे उलट काम करतात, आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. अशा चिपांची मर्यादा साधारण १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचायच्या सुमारास चिप स्वतःच वेग कमी करते, चित्र अडकायला लागते, आणि शेवटी यंत्र बंद पडते. आमचे ऐन लग्नाच्या सीनमध्ये बंद पडले.

म्हणून आमचे मत असे की डही, कुक्षी, बडवानी, इकडे जळगाव-धुळ्याकडच्या घरांनाही, पूर्ण बिनपंख्याचे यंत्र घ्यायचे तर फक्त उघड्यावर ठेवता येत असेल तरच घ्या. नाहीतर हळू फिरणारा एक पंखा असलेले घ्या. उन्हाळ्यात घरात कूलर सुरूच असतो, त्याच्यापुढे या पंख्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? आणि हिवाळ्यात, जेव्हा रात्री खरोखर शांत असतात, तेव्हा हवा थंड असल्यामुळे पंखा आपोआप मंद होतो.

ठेवताना एवढे पाळा:
– चारही बाजूंनी किमान चार बोटे जागा मोकळी सोडा.
– वर कापड नाही, वर्तमानपत्र नाही, सेट-टॉप बॉक्स तर अजिबात नाही.
– टीव्हीच्या मागे स्क्रूने बसवायचे असेल तर टीव्हीची गरम हवा वर जाते हे लक्षात घेऊन खालच्या बाजूला बसवा. मागे बसवल्याचा फायदा असा की आवाज सरळ कानावर येत नाही.
– कापसाच्या दिवसांत आपल्याकडे हवेत तंतू उडतात. ते पंख्याच्या जाळीत अडकतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा रंगाच्या मऊ ब्रशने साफ करा. फुंकणी वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते.

३. यंत्र कोणते घ्यावे?

आज तीन रस्ते आहेत. प्रत्येकाचे बरे-वाईट सांगतो.

पहिला, रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. पहिला २०१२ साली आला, चौथा २०१९ ला, पाचवा २०२३ ला. वीज फार कमी खातो. टीव्हीच्या रिमोटवर चालतो, हा मोठा फायदा. पण एक मेख आहे. पाचव्या पायमध्ये एचईव्हीसी नावाच्या नव्या प्रकारचे व्हिडिओ चालवायला खास सोय आहे, तर मोबाईलचे जुने एच.२६४ व्हिडिओ त्याला मुख्य चिपच्या ताकदीवर चालवावे लागतात. साध्या फुल एचडीला ते सहज जमते. पायला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणि डबी घ्या. मोबाईलच्या कुठल्याही चार्जरवर चालवला की अधूनमधून लटकतो, आणि दोष मात्र आपण पायला देतो.

दुसरा, इंटेल एन१०० किंवा त्याच घराण्यातली चिप असलेला छोटा मिनी पीसी. ही चिप २०२३ साली आली. चार कोअर, चिपची नेमलेली वीज फक्त ६ वॉट. एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या चारही प्रकारचे व्हिडिओ ती खास सोयीने, न तापता चालवते. आम्ही शेवटी हाच घेतला. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी या कामाला भरपूर झाली.

तिसरा, ऑफिसातून निघालेले जुने छोटे संगणक. वहीएवढे चपटे डबे असतात. बँका आणि कंपन्या बदलतात तेव्हा बाजारात येतात. स्वस्त आणि मजबूत. घेताना तीन गोष्टी बघा. इंटेलची चिप सातव्या पिढीची किंवा पुढची हवी, कारण सहाव्या पिढीत एचईव्हीसीची सोय अर्धवट आहे. मागे एचडीएमआय आहे का बघा, काहींना फक्त डिस्प्लेपोर्ट असते, मग वेगळा कनेक्टर लागतो. आणि तिसरे, चालू करून दहा मिनिटे व्हिडिओ लावून पंख्याजवळ कान न्या. पंखा खरखरत असेल तर सोडून द्या. घरी आणल्यावर झाकण उघडून धूळ काढा आणि चिपवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा, मसुराच्या दाण्याएवढी पुरे. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

सामान घ्यायला आपल्याला इंदूर जवळचे. जेल रोडचा बाजार आणि सिल्व्हर मॉल, दोन्ही ठिकाणी चार दुकाने फिरून भाव विचारा. पक्के बिल घ्या. वॉरंटी कोण देणार, दुकानदार की कंपनी, हे बिलावर लिहून घ्या. दुसरी चूक आमची हीच. स्वस्तात मिळाले म्हणून बिल न घेता एक डिस्क आणली, दोन महिन्यांत गेली, आणि दुकानदार ओळख दाखवेना.

४. वीज: इथे हयगय नको

आधी खर्चाचा हिशोब. जुना उभा संगणक साधारण ८० वॉट घेतो असे धरा. रोज ४ तास म्हणजे ३२० वॉट-तास, महिन्याला ९.६ युनिट. छोटा मिनी पीसी व्हिडिओ चालवताना १२ वॉटच्या आसपास घेतो. रोज ४ तास म्हणजे ४८ वॉट-तास, महिन्याला दीड युनिटसुद्धा नाही. टीव्हीचे वेगळे.

आता दाब कमी-जास्त होण्याचे. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर कमी दाबाची चिंता नाही, तो सांभाळून घेतो. भीती अचानक येणाऱ्या जास्त दाबाची आणि विजेची. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी घ्या, पण ती अर्थिंग असेल तरच नीट काम करते. टीव्हीच्या किंवा संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण होत असेल तर आधी वायरमनला बोलवा, संगणक नंतर. पहिल्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. बटण बंद करणे पुरेसे नाही.

आपल्यातले काही जण म्हणतील, होडीची १२ व्होल्टची बॅटरी आहे, मिनी पीसीचा अडॅप्टरही १२ व्होल्टचा, मग सरळ जोडू का? नको! भरलेली बॅटरी पडून असताना १२.७ च्या आसपास असते, आणि चार्जिंग सुरू असताना १४.४ पर्यंत जाते. यंत्र तेवढे सहन करेलच असे नाही. मधे १२ व्होल्ट पक्के ठेवणारा डीसी कन्व्हर्टर लावा, बॅटरीच्या प्लसच्या वायरवर फ्यूज लावा, आणि प्लस-मायनस दोनदा तपासा. असे केले तर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी अर्धी वापरूनही संगणक सुमारे तीन तास चालतो. लाईट गेली तरी निदान यंत्र नीट बंद करायला वेळ मिळतो. व्हिडिओ कॉपी होत असताना लाईट गेली तर फाईलच नाही, कधी कधी पूर्ण डिस्क गोंधळते.

५. सॉफ्टवेअर: फुकट आणि चांगले

कोडी नावाचा प्रोग्राम यासाठीच आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स हा खेळाचा डबा आला. हौशी लोकांनी त्यावर सिनेमे चालवायचा प्रोग्राम लिहिला, तोच वाढत गेला आणि २०१४ साली त्याचे नाव कोडी झाले. पैसे लागत नाहीत. मोठी अक्षरे, मोठी चित्रे, लांबून रिमोटवर चालते, त्यामुळे आजीलाही जमते.

संगणकावर दुसरे काहीच करायचे नसेल तर लिब्रेएलेक टाका. ही फक्त कोडी चालवणारी छोटी प्रणाली आहे. चालू केले की सरळ कोडीच उघडते. पायऱ्या अशा:

१) दुसऱ्या संगणकावर लिब्रेएलेकच्या अधिकृत जागेवरून त्यांचा पेनड्राईव्ह बनवायचा प्रोग्राम उतरवा. मिनी पीसीसाठी 'जेनेरिक', पायसाठी पायचे नाव असलेली प्रत निवडा.
२) पेनड्राईव्हवर (पाय असेल तर मेमरी कार्डावर) ती लिहा. त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून रिकामा घ्या.
३) मिनी पीसीला पेनड्राईव्ह लावून चालू करा. चालू होताना एफ२, एफ७ किंवा डिलीट दाबत राहा, यंत्राप्रमाणे बटण वेगळे असते. पेनड्राईव्हवरून सुरू करा.
४) इन्स्टॉल निवडले की आतली एसएसडी पूर्ण पुसली जाईल. तिच्यात काही ठेवायचे असेल तर आधी काढून घ्या. बाहेरची फोटोंची हार्ड डिस्क या वेळी अजिबात जोडलेली ठेवू नका. चुकून तीच निवडली तर सगळे गेले.
५) पेनड्राईव्ह काढून पुन्हा चालू करा. झाले.

विंडोजच ठेवायचे असेल तरी चालते, कोडी त्यावरही बसते. फक्त ती मधेच अपडेट मागते आणि पंखा पळवते.

रिमोटचे काय? रास्पबेरी पायला टीव्हीचाच रिमोट चालतो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी लागते. सॅमसंगवर तिचे नाव एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. मिनी पीसीत बहुतेक वेळा ही सोय नसते. मग यूएसबीचा छोटा रिमोट घ्या, किंवा मोबाईलवर कोडीचे स्वतःचे कोरे नावाचे ॲप टाका. घरात म्हातारी माणसे असतील तर खरा रिमोटच घ्या, त्यांना बोटाला बटण लागते.

६. चित्र आणि आवाज जुळवणे

हे केले नाही तर चांगले यंत्रही वाईट वाटते.

– चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीचा. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असे काही असते, ते लावा.
– आपल्याकडच्या जुन्या सीडी-डीव्हीडीत सेकंदाला २५ चित्रे असतात, सिनेमात २४. टीव्ही मात्र ६० च्या तालावर चालतो. ताल जुळत नाही म्हणून होडी पुढे सरकताना धक्के खात सरकल्यासारखी दिसते. कोडीत प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' आहे, ते 'ऑन स्टार्ट-स्टॉप' करा. मग २५ चा व्हिडिओ ५० च्या तालावर चालतो, होडी सरळ सरकते. पर्याय दिसत नसेल तर खाली डावीकडे सेटिंगची पातळी वाढवा.
– जुन्या डीव्हीडीत हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. व्हिडिओ चालू असताना चित्राच्या सेटिंगमध्ये 'डीइंटरलेस' चालू करा.
– आवाज बारीक असेल तर व्हिडिओ चालू असतानाच आवाजाच्या सेटिंगमध्ये 'व्हॉल्यूम ॲम्प्लिफिकेशन' वाढवा. त्यासाठी 'पासथ्रू' बंद हवे. थोडे थोडे वाढवा, एकदम वाढवले तर बोलणे फाटते आणि खरखरही वाढते.

७. जुन्या सीड्या आत घेणे

लग्नाच्या सीड्या बहुतेक व्हीसीडी असतात. एका सीडीत जेमतेम ७४ मिनिटे आणि चित्र अगदी लहान, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. मोठ्या टीव्हीवर ते धूसर दिसणारच, यंत्राला दोष देऊ नका.

यूएसबीचा सीडी ड्राईव्ह कुणाकडून तरी मागून आणा. सीडी उघडली की 'एमपेगएव्ही' नावाचे फोल्डर दिसते, त्यातली मोठी डॅट फाईल कॉपी करा आणि शेवटचे डॅट काढून एमपीजी करा. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' फोल्डर पूर्ण कॉपी करा.

सीडी मळलेली असेल तर साध्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. अडकणारी सीडी दुसऱ्या ड्राईव्हवर लावून पाहा, पुष्कळदा एका ड्राईव्हला न वाचता येणारी दुसऱ्याला वाचता येते. आमच्या डब्यातल्या तीन सीड्या अशाच वाचल्या.

फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग गाव, मग प्रसंग. 'लग्न १', 'लग्न २' असे लिहिले की पाच वर्षांनी कुणालाच कळत नाही. आणि हे काम म्हाताऱ्यांना शेजारी बसवून करा. हा कोण, ती कोण, हा घाट कुठला, हे आज त्यांनाच माहीत आहे. एका वहीत लिहून ठेवा.

साठा किती लागेल? मोबाईलचा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला १७ मेगाबिट धरला तर तासाला साडेसात जीबीच्या आसपास. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर असे सुमारे १३० तास. व्हीसीडी तर त्यावर हजाराच्या वर मावतील.

८. एकच प्रत म्हणजे धोका

सगळे एका डिस्कवर आले की माणूस निश्चिंत होतो, आणि तिथेच फसतो. डिस्क एक ना एक दिवस जाते. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या रिळांना आग लागली आणि प्रभातच्या जुन्या सिनेमांचे मूळ साहित्य जळाले. एवढ्या मोठ्या संस्थेचे असे होऊ शकते, तर आपल्या शोकेसमधल्या डिस्कचे काय?

साधा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक प्रत घराबाहेर. एक संगणकाला जोडलेल्या डिस्कवर, दुसरी कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, तिसरी, निदान सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टींची, दुसऱ्या गावच्या बहिणीकडे पेनड्राईव्हवर किंवा इंटरनेटच्या साठ्यात. कपाटातली डिस्क सहा महिन्यांतून एकदा लावून, दोन-चार फाईली उघडून बघा. मूळ सीड्याही फेकू नका. आपल्याला पाणी चढताना काय काय राहून गेले ते माहीत आहे, वेगळे सांगायला नको.

९. काय करू नये

पैसे भरून बघायची ॲप टीव्हीवरच चालवा. लिब्रेएलेकवर त्यातली बरीच नीट चालत नाहीत किंवा चांगले चित्र देत नाहीत. हा संगणक आपल्या स्वतःच्या साठ्यासाठी आहे. 'सगळे सिनेमे फुकट' म्हणून विकले जाणारे भरलेले डबे घेऊ नका. चोरीच्या सिनेमांवर २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यात तीन महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. शिवाय त्या डब्यांत आणखी काय भरले आहे ते कुणी बघितले?

शेवटी

सगळे जुळल्यावर रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तपासणी केली. छताचा पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढला, यंत्रापासून सहा-सात फुटांवर बसलो. काही ऐकू येईना. मग तीच सीडी, आता फाईल झालेली, लावली आणि आवाज थोडा वाढवला. होडी काठाला आली. आजोबा ओरडले, "दोर टाक रे, दोर टाक! झोपलास काय?"

एवढंच म्हणत होते. आजी हसली, म्हणाली, "असेच ओरडायचे." मग म्हणाली, "परत लावा."

चार वेळा लावले. तुमच्या घरातही असा डबा कुठेतरी माळ्यावर असेल. बंदी उठायच्या आत खाली काढा. सीडी ड्राईव्ह आणि पेस्टची ट्यूब आमच्याकडे आहे, ज्यांना हवी त्यांनी न्यावी आणि काम झाल्यावर आठवणीने परत आणून द्यावी.

नर्मदे हर!